राजेशाही मानचिन्हं आणि पदकं : जमवावीत का, आणि जमवायची तर खरी कशी ओळखावीत?

इंद्रायणीकाठचा

नाण्यांच्या धाग्यावर दोनतीनदा विषय निघाला आणि मूळ चर्चेत हरवला, म्हणून वेगळा धागा काढतोय.

ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानात दिल्या गेलेल्या मानचिन्हांचा मला नाद आहे. स्टार ऑफ इंडिया (१८६१), ऑर्डर ऑफ द इंडियन एम्पायर (१८७८), कंपनी सरकारने १८३७ मध्ये सुरू केलेल्या ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया आणि इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट, कैसर-ए-हिंद, दरबाराची पदकं आणि आपल्या घराघरांतून ज्यांच्या गोष्टी सांगितल्या जातात ते रावसाहेब, रावबहादूर, दिवाणबहादूर या किताबांचे बिल्ले.

त्यातले वरच्या दर्जाचे तारे-हार माझ्या आवाक्याबाहेरचे. माझा जीव रमतो तो बिल्ल्यांत. आत्ता समोर रावबहादूरचा एक बिल्ला आहे. पाच टोकांचा तारा, टोकांमधून किरणं फाकलेली, वर मुकुट. मधल्या वर्तुळात पंचम जॉर्जचं मुकुटधारी मस्तक, भोवती किताबाची अक्षरं. चांदीवर सोन्याचा मुलामा, उंचवट्यांवरचा मुलामा उडून खालची चांदी दिसते, खोलगट जागी मात्र सोनं अजून ताजं. उलटा केला की मागे कोरलेलं नाव आणि तारीख. नाव एका मामलेदाराचं. माणूस गेला, किताब गेला, वाडा बहुधा पडला. नाव तेवढं इथे राहिलं. म्हणून मी जमवतो.

प्रश्न तीन. एक, खोटा माल ओळखायच्या तुमच्या युक्त्या काय? दोन, कायदा काय म्हणतो? तीन, परक्या राजाने दिलेली ही चिन्हं आपण जपावीत का? तिसऱ्यावर भांडण होणार हे ठाऊक आहे, तरी विचारतो.

कोकणी_काजू

वाचतोय. वाचनखूण साठवली.

सह्याद्रीची_लेक

दादा, चांगला विषय काढलात.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात. आजीचे वडील ११० व्या मराठा पलटणीत शिपाई होते, पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेले. आजी सांगायची, त्यांना तीन पदकं होती आणि त्यातलं एक "रुपयापेक्षा मोठं, चांदीचं". आता माहिती काढल्यावर कळतं की ते ब्रिटिश वॉर मेडल. सोबतचा काशाचा तारा १९१४-१५ चा आणि सोनेरी दिसणारं व्हिक्टरी मेडल.

१९८० च्या सुमारास चांदीचे भाव भडकले तेव्हा घरातल्यांनी चांदीचं तेवढं तालुक्याच्या सराफाला दिलं. वितळवलं. उरलेली दोन पोरांच्या खेळण्यात गेली. आमच्या घरात त्या माणसाचा एकही फोटो नाही. नाव लिहिलेली वस्तू ती एकच होती.

चष्मेबहाद्दर

मी तिसऱ्या प्रश्नावर बोलतो. स्पष्टच सांगतो, राग मानू नये.

रावबहादूरकी कुणाला मिळायची? जो सरकारच्या सोयीचा त्याला. लोक तुरुंगात जात होते त्या काळात हे लोक गव्हर्नरसाहेबांच्या चहापानाला जात होते. गांधीजींनी १९१५ मध्ये मिळालेलं कैसर-ए-हिंदचं सुवर्णपदक १९२० मध्ये परत केलं, सोबत बोअर आणि झुलू युद्धांतल्या शुश्रूषेची पदकंही. टागोरांनी १९१९ मध्ये नाइटहुड सोडली. ज्या वस्तू टाकून देण्यात मोठेपणा होता त्या आपण मखमलीवर मांडायच्या? संग्रहालयात असाव्यात, अभ्यासाला. घरात हौस म्हणून नको, असं माझं मत.

इंद्रायणीकाठचा

चष्मेबहाद्दर, राग नाही. गांधीजींनी व्हाइसरॉयला ते पत्र लिहिलं १ ऑगस्ट १९२० ला, लोकमान्य गेले त्याच दिवशी. त्या पत्राचं वजन मला कळतं. पण पदक परत केल्याची गोष्ट तरी पदकाशिवाय कशी सांगणार? कैसर-ए-हिंद पंडिता रमाबाईंनाही मिळालं, १९१९ मध्ये, मुक्ती मिशनच्या कामासाठी. तेच लंबगोल पदक, तीच गडद हिरवी रिबन. एकाने परत केलं, एकीला हयातभराच्या कामासाठी मिळालं. दोघांना एका फुटपट्टीने मोजता येत नाही.

मोडीची_मात्रा

तिसऱ्या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे आणि ती मला फार रंजक वाटते.

आपल्याकडे राजाने मान द्यायचा म्हणजे वस्त्रं द्यायची. सरपाव, खिलत, मानाची वस्त्रं, शिरपेच, कधी हत्ती-घोडा. पेशवे दफ्तरात पाहाल तर पानोपानी कुणाला काय वस्त्रं दिली याच्या याद्या. दिलेलं परत मागायचं नाही. ते घराण्याचं झालं. देवघराशेजारच्या पेटीत राहायचं, लग्नकार्यात बाहेर निघायचं.

१८६१ मध्ये व्हिक्टोरिया राणीने स्टार ऑफ इंडिया काढला तो सत्तावन्ननंतर संस्थानिकांना बांधून घेण्यासाठी. पहिल्याच यादीत जयाजीराव शिंदे, तुकोजीराव होळकर, खंडेराव गायकवाड, हैदराबादचे निजाम आणि भोपाळची सिकंदर बेगम. म्हणजे पानिपतापासून नावाजलेली तीन मराठी घराणी पहिल्याच फेरीत. पण अट काय? मानकरी वारला की वारसांनी चिन्ह सरकारजमा करायचं, आणि तसा करार आधीच लिहून द्यायचा. आपल्या रिवाजात हे बसतच नव्हतं. निजामाच्या दरबाराने तर आणखी हरकत घेतली : बिल्ल्यावर राणीची छबी, आणि सजीवाची प्रतिमा अंगावर घालणं धर्मात बसत नाही. मखमलीच्या झग्यालाही विरोध होता.

म्हणजे हे चिन्ह गळ्यात घालणारे सगळे मान खाली घालून उभे होते असं नाही. घासाघीस चालली होती, आणि ती त्या वस्तूंवरच चालली होती. चष्मेबहाद्दर, जपायचं कारण मला इथे दिसतं.

चष्मेबहाद्दर

मोडीताई, हे माहीत नव्हतं. मुद्दा पोचला. तरी संस्थानिकांचं वेगळं आणि शहरातल्या रावसाहेबांचं वेगळं, असं म्हणेन.

बडोद्याचा_भाऊ

संस्थानिकांचा विषय निघाला आणि बडोदेकर गप्प बसेल असं होणार नाही :)

सयाजीराव महाराज १८८७ पासून जीसीएसआय. म्हणजे स्टार ऑफ इंडियाचा सर्वोच्च दर्जा. आणि तेच महाराज १९११ च्या दिल्ली दरबारात बादशहापुढे साधेपणाने गेले, थोडकं लवले आणि पाठ वळवून परतले म्हणून विलायतेतल्या वर्तमानपत्रांनी आकांडतांडव केलं. मान स्वीकारणं आणि मान तुकवणं यांत फरक करता येतो, तो असा.

कोल्हापूरच्या शाहू महाराजांकडेही जीसीएसआय, जीसीआयई (इंडियन एम्पायरचा सर्वोच्च दर्जा), जीसीव्हीओ (रॉयल व्हिक्टोरियन ऑर्डरचा) तिन्ही होते. त्यांनी पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम १९०२ मध्ये काढला तेव्हा यातला पहिला तारा त्यांना मिळालेला होता. तारा मिळाला म्हणून माणूस सरकारचा झाला, हे गणित त्यांना लावून बघा.

टिळकरोडचा_ठोंब्या

आमच्याकडे पणजोबा रावसाहेब होते. रावबहादूर व्हायचे राहिले म्हणून पणजीने शेवटपर्यंत कलेक्टरला माफ केलं नाही. एवढंच सांगायचं होतं.

रिमवाचक

मुख्य प्रश्नावर येऊ. खरंखोटं.

आधी एक गोष्ट समजून घ्या. पदकात पैसा धातूला नसतो, नावाला असतो. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर, म्हणजे रिमवर, शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण ठोकलेली असते. १९०३ आणि १९११ ची दिल्ली दरबार पदकं मात्र सरकारने बिननावाचीच दिली. त्यामुळे दरबार पदकावर ठसठशीत नाव दिसलं तर ते मालकाने नंतर हौसेने कोरून घेतलेलं असू शकतं. ते खोटं ठरत नाही, पण सरकारी नव्हे.

मी काय बघतो ते सांगतो.

पहिलं वजन आणि व्यास. साच्यात ओतलेली नक्कल थंड होताना किंचित आक्रसते. ब्रिटिश वॉर मेडल ३६ मिलिमीटरचं. कॅलिपर लावा. अर्धा मिलिमीटर कमी आला की थांबा. कमी येण्याचं दुसरंही कारण असतं : जुनं नाव घासून काढून त्याजागी "चांगलं" नाव घातलेलं. मग कड एका बाजूला पातळ लागते. दोन बोटांत धरून पदक हळू फिरवलं तर बोटाला कळतं.

दुसरं, अक्षरं. ठोकलेल्या अक्षराच्या कडा धारदार असतात, तळ सपाट असतो. ओतीव नकलेत अक्षरं लोण्यातून काढल्यासारखी गुळगुळीत दिसतात आणि मधल्या जागेत बारीक पुळ्या असतात, हवेचे बुडबुडे अडकून झालेल्या. दहापट भिंग पुरतं.

तिसरं, मीना. खऱ्या बिल्ल्यावरचा मीना म्हणजे काच. थंड लागतो, आणि उडाला तर टवका उडतो, शंखासारख्या वळणाचा. नकलेत रंग किंवा राळ भरलेली असते, ती दबते, पिवळी पडते.

चौथं, रिबन. जुन्या रेशमी रिबनीवर अतिनील दिवा मारा. निळसर पांढरी झळाळली तर कापड अलीकडचं, कारण तसली रसायनं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच कापडात सर्रास आली. अर्थात नवी रिबन म्हणजे खोटं पदक असं नाही. रिबनी झिजतात, लोक बदलतात.

पाचवं आणि सगळ्यात मोठं : कागद. त्याबद्दल कुणी जाणकार लिहितील.

कोकणी_काजू

रिमवाचक, सुरेख. इंडियन एम्पायरच्या गुलाबाबद्दल लिहा ना, मागे कुठेतरी तुम्ही बोलला होतात.

रिमवाचक

हो. सीआयई, म्हणजे ऑर्डर ऑफ द इंडियन एम्पायरचा खालचा दर्जा. त्याचा बिल्ला म्हणजे लाल मीन्याचा पाच पाकळ्यांचा गुलाब, मध्ये राणीचं मस्तक, वर मुकुट. सुरुवातीच्या, म्हणजे १८७८ नंतरच्या पहिल्या काही वर्षांच्या बिल्ल्यांत पाच पाकळ्यांवर इंडिया या शब्दाचं एकेक अक्षर आहे. पुढे बिल्ला लहान केला तेव्हा अक्षरं गेली. त्यामुळे अक्षरांचा गुलाब दिसला की संग्राहकाचे डोळे चमकतात आणि नकला करणाऱ्याचेही. आपल्या ओळखीतलं नाव सांगायचं तर डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर १८८९ मध्ये सीआयई झाले आणि १९११ मध्ये केसीआयई, म्हणजे त्याच ऑर्डरचा वरचा दर्जा, तेव्हापासून सर. भांडारकर संस्थेसमोरून जाताना ते "सर" कुठून आलं हे पुष्कळांना माहीत नसतं.

पणजेचो_पात्राव

तुम्ही सगळे इंग्रजांतच अडकलात म्हणून गोव्याकडून थोडं.

आमच्याकडे राजा पोर्तुगालचा. तिथली ऑर्डर ऑफ क्राइस्ट जुनी, १३१९ ची, टेम्पलर हा धर्मयोद्ध्यांचा संघ मोडल्यावर उभी केलेली. वास्को द गामाच्या गलबतांच्या शिडांवरचा लाल क्रूस तिचाच. म्हणजे हिंदी महासागरात हे चिन्ह गळ्यातल्या बिल्ल्यावर यायच्या आधी शिडावर आलं.

जमवणाऱ्यांसाठी खूण : १७८९ मध्ये राणी मारिया पहिलीने बिल्ल्यांवर पवित्र हृदयाचं चिन्ह चढवलं. १९१० मध्ये राजेशाही गेली आणि प्रजासत्ताकाने टॉवर अँड स्वोर्ड वगळता बाकी सगळ्या ऑर्डरी बंद केल्या. काही वर्षांनी पुन्हा सुरू केल्या, पण हृदय गेलं ते गेलंच. त्यामुळे वर हृदय असलेला लाल क्रूस म्हणजे राजाच्या काळातला. जुन्या गोवेकर घरांच्या भिंतीवर खापरपणजोबांचं तैलचित्र असेल तर छातीवर नीट बघा, चित्रकाराने हृदय काढलंय का ते. चित्राचा काळ ठरवायला कामी येतं.

सह्याद्रीची_लेक

पात्राव, तैलचित्रावरून काळ ठरवायची युक्ती फारच आवडली.

फौजी_काका

निवृत्त सुभेदार मेजर. मराठा लाइट इन्फंट्री. हा धागा मुलाने दाखवला, म्हणून लिहितो.

तुम्ही किताब आणि शौर्यपदक एकाच पिशवीत भरताय ते मला पटत नाही. रावबहादूर साहेबाच्या मर्जीने होतो. इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट शत्रूसमोर मिळते. १९११ पर्यंत हिंदी शिपायाला व्हिक्टोरिया क्रॉस मिळत नसे, त्यामुळे आयओएम हाच आमच्या जवानाचा सर्वोच्च मान होता. तीन वर्ग असत. पहिला सोन्याचा. खालच्या वर्गाचं पदक मिळवलेल्याने पुन्हा तसंच शौर्य गाजवलं तर वरचा वर्ग. म्हणजे पहिल्या वर्गापर्यंत जायला माणसाने तीनदा मरणाच्या तोंडात जाऊन परत यायचं. १८९७ मध्ये सारागढीला ३६ व्या शीख पलटणीचे २१ जवान पडले, त्या एकवीसही जणांना आयओएम दिली.

आमच्या रेजिमेंटचे दोन व्हिक्टोरिया क्रॉस दुसऱ्या महायुद्धातले, दोन्ही इटलीत. नाईक यशवंत घाडगे, १९४४, ते तिथेच पडले. शिपाई नामदेव जाधव, १९४५, सेनियो नदीवर. रेजिमेंटमधल्या प्रत्येक रंगरुटाला ही नावं पाठ असतात.

मेसोपोटेमियातल्या कूतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी अडकल्या होत्या. घोडे कापून खायची वेळ आली. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली आणि त्यानंतर कैदेत कित्येक गेले. सह्याद्रीताई, तुमच्या आजीचे वडील ११० चे, म्हणजे त्यांचं या वेढ्याशी नातं असण्याचा संभव मोठा. ते पदक वितळलं हे वाचून वाईट वाटलं.

माझं मत : शौर्यपदक विकू नये आणि विकतही घेऊ नये. घरात सांभाळणारं कुणी नसेल तर बेळगावला रेजिमेंटल सेंटरला द्या.

इंद्रायणीकाठचा

काका, नमस्कार. तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. पण एक विचारतो. जे पदक आधीच घराबाहेर पडलंय, जुन्या बाजारात वजनावर विकायला ठेवलंय, ते मी उचललं नाही तर ते मुशीत जाणार. तिथेही घेऊ नये का?

फौजी_काका

तिथे घ्या. मुशीतून वाचवलंत तर पुण्यच आहे. पण घेतलंत की त्या जवानाचा वारस शोधायचा प्रयत्न करा. रिमवर नंबर आहे, पलटण आहे. सापडला तर सांगा त्याला.

थेम्सकाठची_सून

काकांच्या मुद्द्याला जोडून कागदांबद्दल लिहिते, कारण मी लंडनजवळ राहते आणि शनिवार-रविवार यातच जातात.

ऑर्डरींच्या याद्या लंडन गॅझेटमध्ये छापल्या जात, रावबहादूर-रावसाहेब असे किताब मात्र गॅझेट ऑफ इंडियात. लंडन गॅझेट इंटरनेटवर फुकट शोधता येतं. मेख एवढीच की आपली नावं तिथे भलत्याच स्पेलिंगने आहेत. एका नावाची चारपाच रूपं घालून बघायची तयारी ठेवा, आणि आडनावाने सापडलं नाही तर गावाने आणि हुद्द्याने शोधा. नववर्षदिन आणि राजाचा वाढदिवस या दोन तारखांच्या याद्या आधी पाहा, बहुतेक किताब तेव्हाच जाहीर होत. ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचं दप्तर आहे, तिथे सेवेची कागदपत्रंही मिळतात.

युद्धात पडलेल्यांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनचं संकेतस्थळ. नोंदीत कधी बापाचं नाव, गाव, तालुका असं सगळं असतं. सह्याद्रीताई, तुमचे पणजोबा परत आले की तिकडेच राहिले?

सह्याद्रीची_लेक

परत आले. १९१९ किंवा २० मध्ये. कूतबद्दल घरात कुणी कधी बोललं नाही, हे नाव मी पहिल्यांदा काकांच्या प्रतिसादात वाचतेय. आजी एवढंच सांगायची की ते घोड्याच्या जवळ जात नसत. कुणाला कारण माहीत नव्हतं.

फौजी_काका

कारण आता तुम्हाला कळलं, बाई.

मोडीची_मात्रा

हे वाचून अंगावर काटा आला.

लक्ष्मीरोडचा_लक्ष्मण

थोडं हलकं. ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडियाच्या रिबनीची गोष्ट कुणाला माहीत आहे का? ही ऑर्डर हिंदी अंमलदारांची, गळ्यात घालायची, पहिल्या वर्गाला "सरदार बहादूर" आणि दुसऱ्याला "बहादूर" किताब. रिबन आधी आकाशी होती. वर्षभरातच, १८३८ मध्ये, ती किरमिजी केली. सांगतात असं की अंमलदारांच्या केसांचं तेल उतरून आकाशी रिबन मळायची!

टिळकरोडचा_ठोंब्या

म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीला खोबरेल तेलाने हरवलं. शाळेत हे का शिकवलं नाही?

रिमवाचक

लक्ष्मणराव, गोष्ट सर्व पुस्तकांत आहे आणि गोड आहे. संग्राहकाला त्यातून एक कळतं : आकाशी रिबनीवर ओबीआय कुणी विकायला आणली तर रिबन नंतर लावलेली समजा.

वकिलीण_नाशिककर

कायदा. प्रश्न दुसरा कुणी घेतलाच नाही अजून.

पुरावशेष आणि बहुमोल कलावस्तू अधिनियम, १९७२. अंमल ५ एप्रिल १९७६ पासून. शंभर वर्षं पूर्ण झालेली ऐतिहासिक वस्तू ही पुरावशेष. म्हणजे १९११ चं दरबार पदक केव्हाच त्यात आलं, आणि पहिल्या महायुद्धाची पदकंही आता आली. स्वतःकडे बाळगायला, देशात विकत घ्यायला बंदी नाही. पण पुरावशेषांचा व्यापार करायचा तर परवाना लागतो. धागाकर्त्यांनी घेताना दुकानदाराकडे परवाना आहे का हे विचारावं आणि पावती घ्यावीच.

देशाबाहेर नेणं मात्र खासगी माणसाला मना. निर्यात फक्त केंद्र सरकार किंवा त्याने नेमलेली संस्था करू शकते. विमानतळावर "आजोबांचं आहे" म्हणून चालत नाही. परदेशातल्या मुलाला आजोबांचं पदक नेऊन द्यायचं असेल तर आधी पुरातत्त्व खात्याकडे विचारा. वस्तू शंभर वर्षांच्या आतली असेल तर ती पुरावशेष नाही असा दाखला तिथे मिळतो.

आणि आता "रावबहादूर" नावापुढे लावायचा मोह होणाऱ्यांसाठी : संविधानाच्या अनुच्छेद १८ ने किताब बंद केले, सैनिकी आणि शैक्षणिक मान सोडून. फौजी काकांनी शौर्य आणि किताब यांत केलेला भेद घटनाकारांनीही केला आहे, हे लक्षात घ्यावं.

चष्मेबहाद्दर

वकिलीणबाई, शेवटचं वाक्य कोरून ठेवावं असं आहे. मी माझा विरोध किताबांपुरता ठेवतो. शिपायांची पदकं जपलीच पाहिजेत.

नागपुरी_संत्रं

शिपायांचंच बोलायचं तर आपल्याविरुद्ध लढलेल्यांच्या पदकांचं काय करणार? कंपनीने १८५१ मध्ये आर्मी ऑफ इंडिया मेडल काढलं, १८०३ पासूनच्या जुन्या लढायांसाठी, आणि तेही तोवर हयात असलेल्यांनाच. त्याच्या क्लॅस्पवरची, म्हणजे रिबनीवरच्या धातूच्या पट्ट्यांवरची, नावं वाचा : आसई, अडगाव, गाविलगड, खडकी, पुणे, सीताबर्डी, नागपूर, महिदपूर, कोरेगाव. अर्धा महाराष्ट्र त्या पट्ट्यांवर आहे. सीताबर्डीची टेकडी मी रोज बघतो. आणि १८४३ चा ग्वाल्हेर स्टार तर शिंद्यांच्या जिंकलेल्या तोफांच्या काशातून ओतला. महाराजपूर आणि पन्नियार, दोन्ही लढाया एकाच दिवशी, २९ डिसेंबरला. आपल्या तोफेचा तुकडा शत्रूच्या छातीवर.

मला तो स्टार बघायचाय. एकदा हातात घ्यायचाय. तोफ आपली होती.

इंद्रायणीकाठचा

संत्रं, ग्वाल्हेर स्टारसाठी मीही कित्येक वर्षं डोळे लावून बसलोय, नेमक्या याच कारणासाठी.

मी_नवीनच

नमस्कार, पहिलाच प्रतिसाद. सासऱ्यांच्या कपाटात एक बिल्ला आणि चांदीचं एक पदक सापडलं. काळं पडलंय. सराफ म्हणाला पॉलिश करून चकाचक करून देतो. देऊ का? बिल्ल्यावर मागे काही लिहिलंय पण काळेपणामुळे वाचता येत नाही.

रिमवाचक

नको! नको! नको!

ताई, तो काळा थर चांदीचं कवच आहे. पॉलिशच्या यंत्रावर धरलं की त्यासोबत कोरलेल्या नावाच्या कडा जातात आणि मुलामा असेल तर तोही. मऊ ब्रशने धूळ झटका, एवढंच. रांगोळी, चिंच, टूथपेस्ट, काही नाही. मागचं नाव वाचायला मोबाइलचा टॉर्च आडवा धरा, अगदी टेबलाच्या पातळीला, बिल्ला हळूहळू फिरवा. सावलीत अक्षरं उठून दिसतील.

ठेवायला पीव्हीसीचे नाण्यांचे अल्बम वापरू नका, त्यातून हिरवा चिकट थर येतो. आम्लविरहित कागदात गुंडाळून डबीत, सोबत सिलिका जेलची पुडी. आणि दोन्ही वस्तू एकाच माणसाच्या असतील तर कधीही वेगळ्या करू नका. भावंडांत वाटणी करायची असेल तर दुसरं काहीतरी वाटा.

थेम्सकाठची_सून

आणि वाचता आलं की नाव आणि तारीख इथे टाका (घरच्यांना विचारून). पदकाच्या कडेचाही फोटो, जमेल तेवढा जवळून. गॅझेट मी बघते.

मी_नवीनच

टॉर्च आडवा धरून बघितलं. "रावसाहेब" आहे समोर. मागे नाव आहे, ते सासऱ्यांच्या आजोबांचंच! तारीख १ जानेवारी, साल ३१ की ३४ ते नीट लागत नाही. पदकाच्या कडेवर काहीच नाही. एका बाजूला राजा-राणी शेजारी शेजारी, दुसऱ्या बाजूला फारशीसारखं काहीतरी.

रिमवाचक

दोघांची मस्तकं डावीकडे तोंड करून आणि मागे फारशी मजकूर असेल तर १९११ चं दिल्ली दरबार पदक. कड कोरी असणंच बरोबर आहे. व्यास ३८ मिलिमीटर भरायला हवा. बिल्ल्याची रिबन असेल तर रंग सांगा. रावसाहेबची गडद निळी आणि कडेला फिकी निळी. उलटी असेल तर ती दिवाणबहादूरची, कुणीतरी चुकून लावलेली.

थेम्सकाठची_सून

१ जानेवारी म्हणजे नववर्षाची यादी. ३१ आणि ३४ दोन्ही सालच्या बघते. नाव खासगी निरोपात पाठवा, आणि त्या वेळी ते कुठे नोकरीला होते तेही. यादीत हुद्दा असतो, त्यावरून लवकर सापडतं.

मी_नवीनच

गडद निळी, कडा फिक्या. सासरे म्हणतात ते तेव्हा धारवाडला पाटबंधारे खात्यात होते. निरोप पाठवला आहे. पदक परत कागदात गुंडाळून ठेवलं, सराफाला नाही म्हणून कळवलं.

फौजी_काका

शाबास. आता सासऱ्यांना बसवून त्यांच्या आजोबांबद्दल जे जे आठवतंय ते लिहून घ्या आणि तो कागद त्याच डबीत ठेवा.